शंकासुर आणि टाकीतला नाद

“अहो, एकदा तरी चला ना ध्यानाच्या वर्गाला. काही तुम्हाला खाणार नाहीत ते लोक,” बायको म्हणाली.

प्लंबरने पान्यांची पिशवी कोपऱ्यात टाकली. दिवसभर तीन मजले पाइप चढवून त्याचे खांदे भरून आले होते, आणि आता अध्यात्म चढवायचं त्राण अंगात नव्हतं. शिवाय विश्वास हा त्याचा प्रांत नव्हता. तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरात वाकून वाकून तो एकच गोष्ट शिकला होता : पाणी दिसलं की वर कुठेतरी काहीतरी सैल आहे. एकदा एका घरात भिंतीला आपोआप पाझर फुटला म्हणून सगळं घर हात जोडून उभं होतं. याने टाइल फोडली, पाइपचा गंजलेला एल्बो काढून घरमालकाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, “हा घ्या तुमचा चमत्कार.” त्या घरातून त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. नाव मात्र पडलं, शंकासुर.

हा शंकासुर घरातही तसाच. बायको वीस वर्षं सांगत होती, “तुम्ही घोरता. मला डोळ्याला डोळा लागत नाही.” तो वीस वर्षं म्हणत होता, “मी घोरत नाही. पुरावा दे.” आता झोपलेल्या माणसाला पुरावा कसा द्यायचा? जागं केलं की आवाज बंद, आणि साहेब विचारणार, “कुठाय?” शेवटी कंटाळून बिचारीने दर बुधवारी संध्याकाळचा ध्यानवर्ग धरला, आणि काय आश्चर्य, दोन महिन्यांत तिला झोप लागायला लागली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. सकाळी ती चक्क गुणगुणत भाजी चिरायची. ते गुणगुणणं ऐकूनच तो बुधवारी वर्गाला जायला तयार झाला.

वर्ग एका जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर भरायचा. चाळीसेक माणसं डोळे मिटून बसली होती. वर्गाच्या ताई साध्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “नाद ऐका. एका नादाला श्वास आत, पुढच्या नादाला बाहेर.”

टप्प...

चाळीस छात्या फुगल्या.

टप्प...

चाळीस छात्या खाली आल्या. प्लंबरने मात्र डोळे उघडून छताकडे बघितलं. वर माळ्यावर पाण्याची टाकी होती. आवाजावरून त्याने ओळखलं, टाकीचा बॉल वॉल्व गळतोय, रबरी वॉशर गेलाय.

वर्ग संपेपर्यंत तो कसाबसा बसला, हे कबूल केलं पाहिजे. पण गळणारं पाणी ऐकून प्लंबरला स्वस्थ बसवत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता तो त्या माळ्यावर चढला, नवा वॉशर बसवला, एक पैसा न घेता उतरला आणि आपण आज पुण्य केलं असं समजून चहा प्यायला.

पुढच्या बुधवारी ताई म्हणाल्या, “श्वास आत घ्या आणि नादाची वाट बघा.”

चाळीस माणसांनी श्वास आत घेतला. नाद काही येईना. श्रद्धाळू माणसं ती, नादाशिवाय श्वास सोडणार कशी? मिनिट होत आलं. पुढच्या रांगेतले आजोबा आधी लाल झाले, मग जांभळे.

“अहो, सोडा श्वास! सोडा!” प्लंबर ओरडला. “नाद-बीद काही नाही, वॉल्व गळत होता! मी दुरुस्त केला!”

चाळीस श्वास एकदम सुटले. आजोबांना पाणी पाजलं. मग सगळ्यांनी वळून प्लंबरकडे असं बघितलं, की जणू त्याने कुणाचा तरी गळा दाबला होता.

“तुम्ही खरंच बोलत असाल,” ताई शांतपणे म्हणाल्या. “पण त्या गळण्यानं इथल्या माणसांना रात्री झोप लागायला लागली होती हो.”

प्लंबर चपला हातात घेऊनच जिना उतरला.

बायको रागावली असती तर परवडलं असतं. ती रागावली नाही. तिने घरी येऊन उशी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन पडली. तिथेही झोप लागली नाही. चार दिवसांत वर्तुळं परत आली, गुणगुणणं बंद झालं, आणि पाचव्या दिवशी तिने चहात मीठ टाकलं. प्लंबरने तो चहा निमूटपणे संपवला. त्याला फार वाईट वाटलं. खरं बोलून आपण नक्की काय मिळवलं, हे त्याला कळेना.

बुधवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी तो गुपचूप माळ्यावर जाऊन बसला. जुना वॉशर फेकून दिलेला, आणि नवा काही केल्या गळेना. नशीब आमचं, तो मनात म्हणाला, जन्मात पहिल्यांदा गळती हवी, तर काम पक्कं झालंय! शेवटी त्याने टाकीत हात घालून वॉल्वची दांडी बोटाने दाबली. टपटपटपटप! खाली चाळीस माणसं धावत आल्यासारखी धापा टाकायला लागली. त्याने घाईघाईने बोट सैल केलं. मग हळूच दाबलं. टप्प... सोडलं. टप्प... खालून ताईंचा आवाज आला, “आला! परत आला!” कुणीतरी हुंदका दिला.

प्लंबर दाबत राहिला, सोडत राहिला. माळ्यावर गार होतं, पाठ टाकीला टेकली होती, दिवसभर अंग मोडून काम झालं होतं...

कुणीतरी त्याचा पाय हलवत होतं. त्याने डोळे उघडले. शिडीवर बायको उभी होती.

“संपला वर्ग?” तो दचकून म्हणाला. “नाद नीट आला ना?”

“पहिली पाच मिनिटं टप टप आला. मग त्यानं रूप बदललं.”

“म्हणजे?”

“फार खोल, फार मोठा आला. सगळं छत घुमलं. खर्रर्र आत, फुर्रर्र बाहेर. ताई म्हणाल्या, असा नाद आजवर ऐकला नव्हता. आजोबा तर बसल्या जागी झोपले, अजून उठले नाहीत.”

“आणि तू?” त्याने आशेने विचारलं.

“मी टक्क जागी. ज्या आवाजापासून पळून वर्गात आले, तो तिथंही डोक्यावर येऊन बसला!” तिने मोबाइल पुढे केला. “ताईंनी टेप केलाय. चाळीस जणांना पाठवलाय. वीस वर्षं पुरावा मागत होतात ना? घ्या, ऐका.”

त्याने ऐकलं. पूर्ण ऐकलं. मग टाकीत डोकावून बघितलं.

“हा...” तो घसा खाकरून म्हणाला, “हा वॉल्वचा आवाज आहे.”

“असं?” बायको शिडी उतरता उतरता म्हणाली. “मग दुरुस्त करा. मला झोपायचंय.”