उजवीकडून पहिला

गाडीने टक्क असा एकच आवाज केला आणि ती गप्प बसली. डॉक्टरीणबाईंनी किल्ली पुन्हा फिरवली. पुन्हा टक्क. समोरचे दिवे क्षणभर मिणमिणले आणि झोपमोड झालेल्या माणसासारखे कूस बदलून विझले.

डॉक्टरीणबाई स्वतः डॉक्टर नव्हत्या. नवरा दातांचा डॉक्टर असल्यामुळे ही पदवी त्यांना आयती मिळाली होती. गाडी मात्र आयती मिळाली नव्हती. "गाडी तुझीच आहे गं," असं डॉक्टर नेहमी म्हणत आणि त्याच श्वासात विचारत, "कुठे जायचंय? कशाला? किती वेळ लागेल?" उत्तरासाठी थांबायची त्यांना सवय नव्हती. ज्यांच्या तोंडात कापूस कोंबलेला असतो अशा माणसांशी जन्मभर गप्पा मारल्यामुळे प्रश्न आणि उत्तर ही दोन्ही खाती ते स्वतःच सांभाळत. "बहिणीकडे ना? मग रविवारी मीच सोडतो की!"

कोणालाही न सांगता कुठेतरी जाऊन यायचं, एवढीच बाईंची महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी त्यांनी शिकाऊ लायसन्स काढलं होतं. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत त्या एकदा नापासही झाल्या होत्या, कारण मागे बसलेले डॉक्टर ऐन चढावर "ब्रेक!" म्हणून ओरडले आणि बाईंनी पतीची आज्ञा पाळली. आज अकरा वाजता पुन्हा परीक्षा होती आणि शिकाऊ लायसन्सची मुदतही आजच संपत होती. आज हुकलं की पुन्हा अर्ज, पुन्हा पाटी कोरी.

"मेकॅनिकला फोन करू का?" बाईंनी काचेतून विचारलं.

"कशाला? तो येणार, बॉनेट उघडणार, मान हलवणार. मान मलाही हलवता येते," असं म्हणत डॉक्टरांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरी पाहताच त्यांचा चेहरा उजळला. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरट हिरवा थर चढला होता. "बघ! किती दिवस साफ केलेलं नाही! हे तर माझ्याच खात्यातलं निघालं."

एवढ्यात बाईंचा धाकटा भाऊ मोबाइल हातात धरून बाहेर आला. त्याला गाडी चालवता येत नसे, पण गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून पाहून तो प्रत्येक रोगाचा जाणकार झाला होता. "भाऊजी, आधी वजाची वायर काढा, मग अधिकची. लावताना उलटं. आणि सोड्याचं कोमट पाणी टाका."

"म्हणजे चूळ भरायला लावायची. कळलं," म्हणून डॉक्टर दवाखान्यात गेले. दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथून ते दात खरवडायचं हत्यार घेऊन आले आणि त्यांनी दोन्ही टोकं अशी लखलखीत केली की पेशंट असता तर आरशात हसून घरी गेला असता.

"अहो, ते हत्यार पुन्हा कोणाच्या तोंडात..."

"उकळून घेतो गं!"

हे वाक्य नेमकं फाटकातून आत येणाऱ्या पेशंटने ऐकलं. गाल सुजलेला, हातात छत्री, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तो दारातच थबकला, पण दाढेची कळ भीतीपेक्षा मोठी होती. इकडे बाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. दुसऱ्या कोणाच्या घरी ती संपलीही असती. पण डॉक्टरांचा एक नियम होता. एका दाताची तक्रार घेऊन आला तरी पेशंटचं सगळं तोंड तपासल्याशिवाय सोडायचं नाही. "आता आलीच आहे तर प्लगही बघून घेऊ," ते म्हणाले.

"ती आलेली नाही, ती इथेच राहते. आणि चालू झालीय ना? बंद करा तो डबा."

"ताई, प्लगवर काजळी धरली असेल तर चढावर दगा देते," भाऊ म्हणाला. चढ म्हणताच बाईंनी गाडी बंद केली. चढावरचा दगा त्यांनी अनुभवला होता, फक्त तो प्लगने दिला नव्हता.

डॉक्टर आधी आत जाऊन पेशंटला इंजेक्शन देऊन आले. बधिरपणा चढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात चार प्लग होतात, असा त्यांचा हिशेब होता. जाता जाता त्यांनी मेव्हण्याला काम वाटून दिलं. "प्लगच्या चारही वायरींना चिठ्ठ्या चिकटव आणि मगच काढ. उजवीकडून एक, दोन, तीन, चार. गोंधळ नको."

"मी काय लहान आहे का भाऊजी?"

त्याने बॉनेटसमोर उभं राहून उजवीकडून चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वायरी काढल्या. डॉक्टरांनी परत येऊन प्लग काढले, खरवडले, ब्रशने घासले, फुंकर मारून पुन्हा जागेवर बसवले. मग एकेक चिठ्ठी वाचत त्यांनी वायरी जोडायला घेतल्या. एक वायर काही केल्या पुरेना. डॉक्टरांनी ती ओढून ओढून बसवली. "थोडा ताण जाणवेल," ते सवयीने इंजिनाला म्हणाले, "दोन दिवसांत सवय होते."

"मार आता किल्ली!"

बाईंनी किल्ली मारली. गाडी खोकली, थरथरली, आणि मागून असा धडाका झाला की समोरच्या गॅलरीतल्या शेजारणीच्या हातातली बादली सुटली. पेशंट दवाखान्यातून गळ्यातल्या टॉवेलसकट धावत बाहेर आला. त्याने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे बघितलं, आणि छातीवर हात ठेवून तो काहीतरी सांगू लागला. "आअ... ऑइआआ... अआआ..."

"चढतंय ना? छान. ओठ जड वाटतोय? वाटणारच. घाबरू नका, जाऊन बसा," डॉक्टरांनी त्याच्या वतीने उत्तरं देऊन त्याला परत पाठवलं.

मग एकेक निदान सुरू झालं. भाऊ म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी असेल. डॉक्टर म्हणाले पेट्रोलच जास्त झालं असेल, थोडं थांबू. थोडं थांबून पुन्हा धडाका झाला. भाऊ म्हणाला हवेचा फिल्टर काढा. फिल्टर काढला. तो अडकवायची क्लिप इंजिनात कुठेतरी पडली. ती काढायला डॉक्टरांनी तोंडात घालायचा छोटा आरसा आणला, क्लिप दिसली, आणि तिच्यापर्यंत पोहोचता पोहोचता आरसाही पडला. आता दोघं मिळून आरशासाठी चिमटा आणि चिमट्यासाठी टॉर्च शोधत होते, आणि मूळ आजार काय होता हे कोणाच्याच लक्षात नव्हतं.

बाई खाली उतरल्या. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. पदर खोचून त्या इंजिनासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक वायर निरखू लागल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "ही वायर ताणून मरायला टेकलीय आणि ती शेजारी वेटोळं घालून लोळतेय. ज्याने गाडी बनवली त्याला काय वायरी मापून कापता येत नव्हत्या? मला सांगा, एक नंबर कुठला? दोघांनी एकदम बोट ठेवा."

दोघांनी एकदम बोट ठेवलं. डॉक्टरांचं बोट एका टोकाला, भावाचं दुसऱ्या.

"भाऊजी, उजवं हे आहे!" भावाने पुरावा म्हणून जेवायचा हात वर केला.

"ते तुझं उजवं. आमच्याकडे उजवं म्हणजे पेशंटचं उजवं. जगातला कुठलाही दाताचा डॉक्टर असंच मोजतो."

"पण गाडी पेशंट कधी झाली?"

"तू वायरी उपटल्यास तेव्हा," बाई म्हणाल्या. "सरका दोघं."

त्यांनी चारही वायरी काढून उलट क्रमाने लावल्या. सगळ्या कशा आपापल्या घरी गेल्यासारख्या बसल्या. स्वयंपाकघरातल्या लांब चिमट्याने त्यांनी आरसा आणि क्लिप बाहेर काढली, फिल्टर बसवला आणि किल्ली फिरवली. गाडी गुणगुणू लागली. भावाने टाळी वाजवली. मग बाईंनी घड्याळ पाहिलं आणि गाडी हळूच बंद केली.

"काय झालं?"

"आता जाऊन काय करू? साहेब अकराच्या ठोक्याला हजेरी घेतात. पोहोचेपर्यंत माझं नाव कापलेलं असेल."

प्रश्न आणि उत्तर दोन्ही डॉक्टरांकडे असूनही दोन्ही बाहेर येईनात, असं संसारात पहिल्यांदाच घडलं.

तेवढ्यात पेशंट पुन्हा बाहेर आला. या वेळी त्याने बोलायचा प्रयत्नच केला नाही. गळ्यातला टॉवेल काढून त्याने घडी घातली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. मग शर्टाच्या खिशातून एक ओळखपत्र काढून ते बाईंसमोर धरलं. बाईंनी वाचलं. डॉक्टरांनी वाचलं. भावाने मोठ्याने वाचलं. "वाहनचालक परीक्षक."

"म्हणजे साहेब तुम्हीच?" बाईंनी खोचलेला पदर सोडला. "मागच्या वेळी तर दुसरेच होते!"

परीक्षकांनी बदलून गेले अशा अर्थाने हात उडवला, घड्याळावर टिचकी मारली आणि ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्यांनाच उशीर झाला होता, त्यामुळे हजेरी अजून कोणी घेतलेलीच नव्हती.

"साहेब, निदान औषध तरी..." म्हणत डॉक्टर मागे बसले. त्यांच्या शेजारी भाऊ बसला. रस्त्यावर सिग्नल लागले, वळणं लागली, आडवी गेलेली सायकल लागली. मग तो चढ आला. डॉक्टरांनी "ब्रे" एवढंच म्हटलं. परीक्षकांनी मागे वळून बघितलं. बधिर चेहऱ्यावर कसलाच भाव उमटत नसल्यामुळे ती नजर फारच भयंकर दिसली. उरलेला "क" डॉक्टरांनी गिळला, आणि गाडी चढ चढून गेली.

आरटीओ ऑफिसच्या मैदानात रीतसर परीक्षा झाली. पुढे, मागे, आठच्या आकड्यात, दोन खांबांच्या मध्ये. परीक्षकांनी कागदावर सही करून शिक्का मारला, आणि डॉक्टरीणबाई पक्क्या झाल्या.

"मला माहीतच होतं!" डॉक्टर म्हणाले. "साहेब, तुमची दाढ अर्धीच राहिलीय, संध्याकाळी नक्की या. चल गं, दे किल्ली. मी चालवतो, तू दमली असशील. दमलीसच ना?"

"नाही दमले," बाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. "तुम्ही दोघं बसने जा. स्टॉप समोरच आहे."

"आणि तू?"

"मी जरा जाऊन येते."

"कुठे? कशाला? किती वेळ? बहिणीकडे ना?"

बाईंनी आरसा नीट केला, इंडिकेटर दिला, दोन्हीकडे बघितलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली. ती बहिणीच्या घराच्या दिशेला वळली नाही. बाजाराच्या दिशेलाही वळली नाही.

डॉक्टर तिथेच उभे राहिले. "कुठे गेली असेल हो?" त्यांनी परीक्षकांना विचारलं, आणि या खेपेला ते उत्तरासाठी खरोखर थांबले.

परीक्षकांचा गाल आता मोकळा होऊ लागला होता. तो हाताने दाबून धरत ते दिवसातलं पहिलं स्पष्ट वाक्य बोलले.

"ते आम्ही परीक्षेत विचारत नाही."