मधुभाऊंची डावी बाजू

आमचे मधुभाऊ देवतळे बोलिंगचा गोळा निवडायला पाऊण तास लावतात. मॉलमधल्या रॅकवरचा एकेक गोळा घ्यायचा, डावा अंगठा भोकात घालायचा, डोळे मिटायचे आणि अंगठा ओढून काढायचा. ‘टप्’ असा आवाज आला की गोळा नापास.

“अंगठा आत गेला पायजे, मुक्कामाले राहिला नाही पायजे.”

भाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले, शंकर नगरात माझे शेजारी. आमच्या टीममध्ये डावखुरे ते एकटेच. लेनवर, म्हणजे गोळा घरंगळतो त्या लाकडी पट्टीवर, तेलाचा पातळ थर असतो. उजवे खेळाडू आपली बाजू खेळून खेळून कोरडी करतात, डावीकडचं तेल तसंच राहतं, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की आता माझ्या बायकोलाही पाठ झालंय. “आपल्या गल्लीत कोणी येतच नाही रे. म्हणून आपला गोळा उशिरा वळते.”

त्या रविवारी दुपारी भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांशी सामना होता. भाऊंच्या पत्नी मालतीवहिनीही आल्या होत्या. अर्धांगवायूनंतर आठ महिन्यांत पहिल्यांदाच घराबाहेर. निकामी झालेला उजवा हात पदराखाली झाकून मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. प्रत्येक फेकीनंतर भाऊ आधी त्यांच्याकडे बघायचे, मग गुणांकडे.

शेवटी दोन्हीकडचे गुण सारखे झाले. भाऊंची एक फेक उरली होती आणि समोर एकच पिन, अगदी डाव्या कोपऱ्यात, लेनच्या कडेच्या नालीला लागून. आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे डोळे लावून उभे. भाऊ मात्र चालत चालत लेनच्या पार उजव्या टोकाला जाऊन उभे राहिले.

“अंकल, सीधा मारिए ना!” आमच्यातलं कोणीतरी कळवळून ओरडलं.

“सीधं मारलं तर चुकाले जागा नाही,” भाऊ पुटपुटले. “तिरपं मारलं तर पूरी लेन आपली.”

गोळा तिरपा निघाला. लेनचा मध्य ओलांडून नालीकडे सरकत गेला, सरकतच गेला. मी डोळे मिटले. हलकासा ‘टक्’ ऐकू आला, आणि मग आमच्याच लोकांचा आरडाओरडा.

दोन्ही टीम वरच्या मजल्यावर जेवायला बसल्या. ताटं आली. वहिनींनी ताटाला हात लावला नाही.

“दीदी, खाइए ना,” भनपुरीचे एक भैया म्हणाले.

“भूक नाही,” वहिनी खाली बघून म्हणाल्या. चारचौघांत डाव्या हाताने जेवायचं कसं, हे कोणी बोललं नाही, पण कळलं सगळ्यांना.

भाऊ खेळतात डाव्याने, पण लहानपणच्या धाकाने आजवर जेवले उजव्यानेच. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने वरणभात कालवायला घेतला.

“काय पाहून राहिले सगळे? उजवा हात दुखून राहिला माह्या.”

उजव्या हाताने त्यांनी दिवसभरात एकही गोळा टाकला नव्हता.

थोड्या वेळाने वहिनींचा डावा हात ताटाकडे गेला. पहिला घास अर्धा सांडला. भाऊंनी ते पाहिलं, आणि आपलाही थोडा सांडवला.