केसपेपरचा कोपरा

मी महिनाभर कानीकपाळी ओरडत होते, पण चौथी पास बाईचं ऐकतो कोण! कोथरूडला श्रीधर डॉक्टरांच्या दवाखान्यात वीस वर्षं केसपेपर मीच काढून देत होते. पेशंटनं दारात चप्पल काढेपर्यंत त्याचा कागद टेबलावर. (चप्पल बघूनच माणूस ओळखते मी.)

दोन हजार एक साली डॉक्टरांच्या मनात आलं, सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवायचे.

"डॉक्टर, ह्यात घोटाळा होणार."

"काय घोटाळा, हिराबाई?"

"ते मला काय ठाऊक? पण होणार."

"मग ठाऊक झालं की सांगा."

टायपिंगला पायल आली. कॉम्प्युटरला उकडतं म्हणून एसी आला. तापाचे पेशंट पंख्याखाली आणि डबडं गारेगार! महिन्याभरात सगळं चढलं, कागद पोत्यात भरून माळ्यावर गेले आणि मला काम उरलं दार उघडायचं.

पहिल्याच दिवशी नागोराव आले, घसा धरून. डॉक्टरांनी स्क्रीन बघितला, पेनिसिलिनचं इंजेक्शन भरलं. नागोरावांनी बाही वर केली.

"थांबा!" मी अशी ओरडले की बाहेर रडणारं पोरसुद्धा गप्प झालं. "ह्यांना ते चालत नाही! मागं तोंडाचा भोपळा झाला होता!"

डॉक्टर पांढरेफटक. ज्याला हे औषध चालत नाही, त्याच्या कागदाचा कोपरा आम्ही दुमडून ठेवायचो. लिहायला वेळ कुणाला? कोपरा दिसला की डॉक्टर औषध बदलायचे.

मी पदर खोचला. "बघा! ह्या पोरीनं कोपरे चढवलेच नाहीत! जीव गेला असता माणसाचा!"

पायल रडवेली झाली. "मावशी, शप्पथ! एकही कोपरा दुमडलेला नव्हता. कागद अगदी पापडासारखे सरळ होते."

डॉक्टरांनी पोतं खाली काढलं. साडेतीन हजार कागद, एकाला सुरकुती नाही.

"ह्यांना चक्क इस्त्री केलीय," डॉक्टर म्हणाले.

(आता कागद पहिल्यांदा मशीनकडे जाणार, ते काय चुरगळलेले धाडायचे? दवाखान्याची काही अब्रू? चार रविवार मोडले माझे!)

नागोरावांनी बाही खाली केली आणि फार आदबीनं विचारलं, "त्या टापटिपीच्या माणसाचं नाव कळेल का?"

सगळे माझ्याकडेच बघत होते. सांगावं लागलं.

"हिरा."