माले शिवारातला जड धातू

संगीताची आवड माणसात उपजत असते. रानडुकरात ती लावावी लागते. या कामी मुळशी तालुक्यातल्या माले गावानं जे कार्य केलं, त्याची नोंद संगीताच्या कुठल्याही इतिहासात नाही. इतिहास लिहिणारे सहसा भात पिकवत नाहीत, हे त्याचं कारण असावं.

पौडात इस्माईलचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्न, उरूस, जयंती, निवडणूक: सर्व धर्म, सर्व पक्ष आणि कर्णा एकच. इस्माईल स्वतः फार हळू बोलणारा माणूस होता. (या धंद्यातली माणसं तशीच असतात. आवाज दुकानातच खपून जातो, घरी न्यायला उरत नाही.)

शहात्तर सालच्या सुगीला मालेचे हैबतराव त्याच्याकडे आले. त्यांचं आंबेमोहोराचं खाचर रानाला लागून होतं, आणि भाताला वास सुटला की डुकरांना वेगळं आमंत्रण लागत नसे. उपाय सगळे करून झाले होते. डबे वाजवले, फटाके उडवले. हैबतरावांचा जुना कोट घातलेलं बुजगावणं उभं केलं. डुकरं त्याला अंग घासू लागली. तो कोट लग्नातला असल्यामुळे हैबतरावांना हे जरा लागलं. एका कचेरीत अर्ज दिला, तर उत्तर आलं की पंचनामा जरूर करू. फक्त नुकसान करणारं जनावर ओळख पटवण्यासाठी जागेवर हजर ठेवावं.

"इस्माईल, तुझा कर्णा बांद माज्या बांधावर," हैबतराव म्हणाले.

"बांदतो आबा. पन लावू काय?"

"लाव कायबी. सोसवना असं लाव."

इस्माईलनं पहिल्या दिवशी सनई लावली. डुकरं निवांत खात राहिली. दुसऱ्या दिवशी निवडणुकीतलं एक गाजलेलं भाषण लावलं; त्याला कालच्यापेक्षा जास्त डुकरं आली. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे एकच तबकडी उरली. ती त्यानं मागितलेली नव्हती. पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड प्लेअर घेताना फुकट आलेली. (पुण्यात त्या काळी अध्यात्मासाठी आलेले गोरे लोक परतीच्या भाड्यासाठी अध्यात्म सोडून बाकी सगळं विकत.) सुई टेकली, आणि ओल्या खाचरात रुतलेली गाडी दहा बैलांनी ओढावी आणि बैल एकेक करून देवाघरी जावेत, तसा आवाज आला. डुकरं उधळली ती थेट धरणाच्या पाण्यापर्यंत.

शाळेतल्या जयसिंग गुरुजींनी तबकडीचं वेष्टन वाचलं आणि सांगितलं, की या प्रकाराला हेवी मेटल म्हणतात. म्हणजे जड धातू.

"म्हंजे शिसं?" हैबतरावांनी विचारलं.

"तसंच समजा," गुरुजी म्हणाले.

लगेच समिती झाली. 'रानडुक्कर निवारण (ध्वनी) समिती, माले.' अध्यक्ष हैबतराव, चिटणीस गुरुजी, आणि तंत्रज्ञ इस्माईल, ज्याला सुगीला घरटी भात मिळायचा. सुगी असो वा नसो, दिवेलागणीला जड धातू सुरू, जेवणं आटोपली की बंद. पहिल्या दोन वर्षांत गावाचा भात वाचला आणि समितीचा सत्कार झाला. सत्काराला सनई होती.

तिसऱ्या वर्षी राखणदार कोंडिबानं खाचरातल्या माळ्यावरून बातमी आणली.

"डुकरं पळंनात. हुबी ऱ्हात्यात. मधी ती नुसती गिटार वाजतीया न्हवं, तवर गप ऐकत्यात. ती संपली का मग खायाला लागत्यात."

समितीनं निष्कर्ष काढला, की डुकरांना गोडी लागली आहे. इस्माईल पुन्हा जुन्या बाजारात गेला. तिथल्या दुकानदारानं सांगितलं, की ते जुनं झालं, आता नवं आलंय. नव्यात एकाऐवजी दोन गिटारी होत्या, चाल दुप्पट होती, आणि गाणारा माणूस विंचू चावल्यासारखा वरच्या पट्टीत जाऊन तिथंच राहत होता. डुकरं पळाली. पुढची काही वर्षं बरी गेली.

चौऱ्याऐंशीत कॅसेटी आल्या. वेष्टनावर कुरळ्या केसांची, ओठ रंगवलेली मंडळी होती.

"ह्या बाया कुठल्या?" हैबतरावांनी विचारलं.

"बापे हायेत, आबा."

हैबतरावांनी कॅसेट उलटी करून पाहिली. तिकडेही तेच होते. लावली, तर डुकरं पिल्लं घेऊन आली आणि बांधाला पडून राहिली. समितीच्या इतिवृत्तात गुरुजींनी लिहिलं: 'सदर संगीत डुकरांच्या कौटुंबिक जीवनास पोषक आढळले. सबब बंद करण्यात आले.'

त्यानंतर जे आलं ते इतकं वेगवान होतं, की इस्माईलला आधी यंत्र बिघडल्याचा संशय आला. डुकरं गेली. हैबतरावांच्या पत्नी गोजराबाई यांच्या म्हशीचं दूधही गेलं. पण खरा धक्का वेगळा होता. हैबतराव भर बैठकीत उठून म्हणाले, "ह्येच्यात दम न्हाई. जड धातू तवाचा! संथ. एक ठोका पडला का दुसऱ्याची वाट बगावी लागायची. आता नुसती घाई."

"जुन्यात काय डोंबल हुतं?" त्यांचा मुलगा वाल्मीक म्हणाला. "ह्येच्यात हात बगा कसा चालतोय."

गावात दोन तट पडले. जुन्या धातूवाले आणि नव्या धातूवाले एकमेकांच्या लग्नाला जाईनात. शेवटी एक दिवसाआड असं ठरलं. डुकरांचं मत घेतलं गेलं नाही.

या सगळ्यात इस्माईल अकरा-बारा वर्षं कर्ण्याजवळ बसत होता. कानात अत्तराचा फाया ठेवायची त्याची पहिल्यापासूनची सवय. फाया मोठा होत गेला, आणि त्यानंतर फाया काढला तरी फरक पडेना. बायकोनं, फहमिदानं, मीठ मागितलं तर तो उठून खिडकी लावू लागला.

"अवो, धाकटी पहिली आली शाळंत, त्ये तुमाला तीनदा सांगितलं," ती एकदा म्हणाली, "आन् तीनदा तुमी म्हनलात, बॅटरी चार्ज केलीया."

हे मात्र त्याला नीट ऐकू आलं. त्या रात्री तो जेवला नाही. डॉक्टरनं डावा कान गेला असं सांगून उजव्याची काळजी घ्यायला लावली, आणि अठ्ठ्याऐंशीच्या सुगीत इस्माईल राजीनामा द्यायला मालेला गेला.

बैठकीत त्यानं कोंडिबालाच विचारलं, "डुकरं हल्ली किती येत्यात?"

"डुकरं? ती कवाच गेली ताम्हिणीकडं. दोन सुग्या झाल्या."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं तुमास्नी आवडतंय," कोंडिबा म्हणाला.

गुरुजींनी शांतपणे मुद्दा मांडला: डुकरं नाहीत हा संगीताचा परिणाम आहे; परिणाम टिकवायचा तर संगीत टिकवलं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. इस्माईलनं हात जोडले. "एक सांज बंद ठिवून बगू. आली डुकरं, तर उजवाबी कान तुमचा."

कर्णा बंद राहिला. हैबतरावांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं. ताटं मांडली. आधी नदीचा आवाज आला, मग किड्यांचा. त्यानंतर शेजारच्या घरातून हैबतरावांची भावजय रंभाबाई गोजराबाईंच्या कालवणाविषयी काय म्हणते ते आलं, अगदी स्पष्ट. गोजराबाईंनी पळी खाली ठेवली. गल्लीत पलीकडे कुणीतरी कुणालातरी "व्हय, पन बांध माजाच हाय" म्हणालं आणि भांडं आपटलं. मग परत सगळं गप झालं. चावण्याचा आवाज येऊ लागला.

"आबा," वाल्मीक ताटाकडे बघत म्हणाला, "मला हितं ऱ्हायचं न्हाई. पिंपरीला कारखान्यात बोलावलंय."

"आन् ह्ये आता सांगतोस?"

"दोन वर्सं सांगतुया. रोज जेवताना."

हैबतरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी गोजराबाईंकडे पाहिलं. गोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यांनाही ते आत्ताच कळत होतं, किंवा त्याही दोन वर्षं काहीतरी सांगत असाव्यात. हैबतरावांनी घास ताटात परत ठेवला.

"इस्माईल," हैबतराव म्हणाले.

"काय, आबा?"

"लाव त्ये."

"कुठलं? जुनं का नवं?"

"कुठलंबी लाव. मोठ्यानं लाव."

इस्माईल उठला. त्यानं उजव्या कानात फाया घट्ट बसवला आणि बांधाकडे गेला. तो पोचेपर्यंत गावातल्या बहुतेक घरांतून लोक बाहेर आले होते आणि कर्ण्याकडे पाहत उभे होते. कुणी एकमेकांकडे पाहत नव्हतं.

वाल्मीक दिवाळीनंतर पिंपरीला गेला. फहमिदा नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसून बोलायला शिकली. समिती अजून आहे. फक्त नावातून रानडुक्कर हा शब्द सर्वानुमते गाळण्यात आला.

ज्या सुजाण वाचकांना हा खेडवळ प्रकार वाटेल, त्यांनी आज घरी जेवताना रेडिओ बंद ठेवून पाहावा. (पहिला घास होईपर्यंत काही होत नाही.)