राणीचा खलिता आणि लोकरीचा मोजा

आमच्या जेवणघराचं छत गेल्या नोव्हेंबरात गळू लागलं आणि बाकी सगळी भिंत मोकळी असताना पाण्याचा ओघळ नेमका सर रॉजर यांच्या उजव्या हातावर आला. सर रॉजर ऑलरबी म्हणजे आमचे मूळ पुरुष, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातले. त्यांचं तैलचित्र बापाकडून थोरल्या मुलाकडे असं येत येत माझ्यापर्यंत आलं आहे. गळ्याभोवती परातीएवढी चुणीदार कॉलर आणि हातात राणीने दिलेला खलिता. त्या खलित्याच्या जोरावर आमच्या घराण्याने श्रॉपशरमध्ये आजवर काहीही केलेलं नाही, आणि त्याचाच आम्हाला अभिमान आहे.

त्याच सुमारास माझ्या एकुलत्या मुलीने, टॅम्सिनने, लग्न ठरवलं. मुलाचं नाव लेनी ट्रॉटमन. स्वभावाने चांगला, पण लडलोच्या बाजारात बापाचं गाद्यांचं दुकान सांभाळणारा. मी तिला चित्रासमोर उभं केलं आणि सांगितलं की ऑलरब्यांनी कधी कुणाला काही विकलेलं नाही, थोडी जमीन सोडली तर, आणि तीही नाइलाजाने. तेव्हा दुकानदाराच्या घरात मुलगी देणं जमणार नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

चित्राची वारसा म्हणून सरकारी नोंद असल्यामुळे ते पुसायलाही परवानगी लागते. परवानगी यायला पाच महिने लागले. तोवर चित्र आपोआप वाळलं होतं. पण परवानगी ओल्या चित्राची असल्याने ते पुन्हा थोडं ओलं करून घ्यावं लागलं.

मग जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या मिस लॉज आल्या. त्यांनी कापसाचा बोळा फिरवला, तर खलित्याचा कोपराच बोळ्यावर आला.

"साहेब, हा खलिता फार तर एकशे ऐंशी वर्षांचा आहे. नंतर कुणीतरी रंगवलाय."

"आणि त्याच्याखाली?"

"मोजा. लोकरीचा. तुमचे सर रॉजर मोजे विकत होते. आणि बहुधा सर नव्हतेच."

दारात उभी असलेली टॅम्सिन पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली. त्या वेळी मीही हसायला हवं होतं. सगळं तिथेच मिटलं असतं. त्याऐवजी मी बाईंना खलिता ताबडतोब पूर्ववत रंगवायला सांगितलं, आणि बाईंनी ताबडतोब वारसा कार्यालयाला कळवलं.

कार्यालयाचे मिस्टर क्रम्प आले. त्यांनी शांतपणे नियम समजावून सांगितले. मोजा मूळचा, म्हणून संरक्षित. खलिता खोटा खरा, पण त्या खोटेपणाला शंभर वर्षं उलटून गेलेली, म्हणून तोही संरक्षित. सबब आता झाकणं आणि उघडणं हे दोन्ही गुन्हे. चित्र अर्धा मोजा, अर्धा खलिता याच अवस्थेत ठेवावं आणि वर्षातून अठ्ठावीस दिवस जनतेला दाखवावं.

एवढं सांगून त्यांनी एक फॉर्म पुढे केला. चित्रातला इसम आपला पूर्वज आहे किंवा नाही, असा प्रश्न होता.

"नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर घराण्याचा वारसा ही नोंद रद्द. चित्र संग्रहालयाच्या तळघरात जाईल."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर आपण मोजेवाल्याचे वंशज. खूण शाईने करा, साहेब."

दुपारभर विचार केला. पूर्वजच नसण्यापेक्षा मोजेवाला पूर्वज बरा, असं ठरवून मी खूण केली.

संध्याकाळी टॅम्सिन आली. "बाबा, मोजेवाला चालतो, मग गादीवाल्याने काय घोडं मारलंय?"

"चारशे वर्षांपूर्वीच्या धंद्याला इतिहास म्हणतात," मी म्हणालो. "लेनी शनिवारीसुद्धा दुकान उघडतो."

"म्हणजे त्याने आता चारशे वर्षं थांबायचं?"

"घाई कसली आहे?"

ती तेव्हाच घर सोडून गेली. जूनमध्ये लडलोला लग्न झालं. तो दिवस नेमका अठ्ठावीस दिवसांपैकी एक होता, म्हणून मी गेलो नाही. अर्ज केला असता तर एका दिवसाची सूट मिळाली असती. मी अर्ज केला नाही. आता मला तिची रोज आठवण येते, आणि यासाठी कुठलाही फॉर्म नाही.

चित्र पाहायला मात्र पुष्कळ लोक येतात. घर पाहून झालं की कुणीतरी मुलांबाळांची चौकशी करतं. मुलीचं लग्न झालं, असं मी सांगतो. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. ती सुखात आहे का, असं कुणी विचारत नाही. जावई काय करतात, असं विचारतात. मी सांगतो, वडिलांची गादी चालवतात. पाहुणे समाधानाने मान डोलावतात आणि चहाकडे वळतात. तुम्हीही या कधीतरी. हेच विचाराल, हेच ऐकाल. कसली गादी, हे अजून एकाही सभ्य माणसाने विचारलेलं नाही.