आमच्या घरातली पाचवी हिल्डा

आमच्या घराण्यात भांडणात हरलेली बाई अजून जन्माला आलेली नाही! माझं नाव हिल्डा व्हेरिल, आणि हिल्डा म्हणजे लढाई. जुन्या इंग्रजीतला शब्द आहे, मी बनवलेला नाही. तेराशे वर्षांपूर्वी आमच्या व्हिटबीच्या कड्यावर मठ चालवणारी हिल्डा अशी खमकी होती, की राजे तिच्याकडे सल्ला मागायला यायचे आणि मुकाट्याने ऐकून जायचे. साप फार झाले, तेव्हा तिने त्यांचे दगड करून टाकले म्हणतात. वेटोळ्यांचे ते दगड आजही किनाऱ्यावर पायाखाली येतात. उरलेलं इंग्लंड मधली कित्येक शतकं हे नाव विसरलं, आम्ही नाही विसरलो. माझी पणजी हिल्डा, आजी हिल्डा, आत्या हिल्डा आणि मी.

मला मात्र तिन्ही मुलगे झाले. थोरले दोघे बोटीवर, लग्नाचं नाव काढत नाहीत. त्यामुळे पंचावन्न साली धाकट्या विल्फला मुलगी झाली, तेव्हा आता नाही तर कधीच नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मध्ये आली ती माझी विहीण. माझी सून जीन, तिची आई मिसेस ऑग्डन, बाळंतपणाला म्हणून लँकाशायरहून येऊन राहिली होती. लँकाशायरची बाई म्हटल्यावर आम्हा यॉर्कशायरच्या माणसांना आणखी काही सांगायला नको, दोन्हीकडचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. तिसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता ती म्हणते, "फिलिस कसं वाटतं?" फिलिस हे तिचं स्वतःचं नाव! माझ्या घरात, माझ्याच किटलीतून चहा ओतत!

माझं डोकं फिरलं. तडक वाचनालयात गेले आणि नावांचा कोश काढला. फिलिस म्हणजे पाला. ग्रीक कथांतली कुणी राजकन्या होती, प्रियकर वेळेवर परत आला नाही म्हणून तिने जीव दिला आणि तिचं बदामाचं झाड झालं. आमच्या हिल्डाने सापांचे दगड केले आणि ही बाई स्वतःचंच झाड करून बसली! आठवडाभर मी हे मासेवालीला सांगितलं, पोस्टात सांगितलं, दूध घालणाऱ्याला दारात अडवून सांगितलं. शेवटी जीन रडकुंडीला आली. म्हणाली, हिल्डा ठेवा, काहीही ठेवा, पण मला दोन तास झोपू द्या.

झालं, जिंकले! तरी विश्वास कुणाचा धरायचा? बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री मुलाचं नाव धर्मआईबापांना विचारतो, आणि ते जे सांगतील तेच नाव पडतं. म्हणून धर्मआई मीच व्हायचं ठरवलं. आमचे हे, अर्नेस्ट, सहसा बोलत नाहीत. त्या रविवारी बूट घालताना एवढंच म्हणाले, "अगं, जिंकलीस ना? मग आता राग सोड."

सोडणारच होते. पण चर्चच्या दाराशी विहीणबाई नवी टोपी सावरत माझ्या कानाशी आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हिल्डा जरा जड आहे हो नाव. पण पोर वाढेल तसं बसेल अंगाला."

जड! तेराशे वर्षांचं नाव आणि जड! उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच घंटा थांबली आणि आत जावं लागलं. सगळ्या प्रार्थना होईपर्यंत मी मनातल्या मनात तिला झोडपत होते. फिलिस म्हणजे पाला, फिलिस म्हणजे झाड, फिलिस म्हणजे... एवढ्यात पाद्र्यांनी माझ्या हातातून बाळ घेतलं आणि म्हणाले, "या बालकाचं नाव सांगा."

मी खणखणीत आवाजात म्हटलं, "फिलिस."

अर्नेस्टच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पाद्र्यांनी पाणी घातलंसुद्धा. माझ्याकडे वाकून ते हळूच म्हणाले, "बाई, बाप्तिस्मा एकदाच होतो. बदलायचं तर बिशपसाहेबांना विचारावं लागेल, मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की ते तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, तेव्हा."

रागाने माझे कान तापले होते. कुणावर ओरडावं तेच कळेना, कारण बोलले मीच होते. घरी पोचले तर टेबलावर मी स्वतः केलेला केक, त्यावर गुलाबी अक्षरांत हिल्डा. आता ही बाई हसणार, म्हणून मी दंड थोपटून उभी राहिले. पण विहीणबाई रडत होत्या. पंचवीस माणसांसमोर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"केकवरसुद्धा हिल्डाच लिहिलंत, कुणाला पत्ता लागू दिला नाहीत," त्या म्हणाल्या. "सख्ख्या बहिणींनीही कधी आपल्या लेकीला माझं नाव दिलं नाही. आणि तुम्ही तुमच्या घराण्याचं नाव सोडलंत, विहीणबाई, माझ्यासाठी."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण सगळी खोली माझ्याकडे कौतुकाने बघत होती, पाद्री मान डोलावत होते, आणि जीन ओठ दाबून छताकडे बघत होती.

"त्यात काय एवढं," मी म्हटलं आणि सुरी हिल्डाच्या मधोमध घातली.

सोमवारी विल्फने सरकारी नोंदही फिलिस अशीच केली. तेव्हापासून अख्खं गाव मला मोठ्या मनाची बाई म्हणतं. इतका अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता!