लाभ निरंक

गोकुळने अकराव्या घराच्या अंगणात मोबाइल उघडला, तेव्हा आधीच्या दहाही घरांपुढे एकच शब्द होता : निरंक.

सूर्यमाळच्या पाड्यांवर जंगल माणसांना काय काय देतं ते मोजायचं आणि पुरवठा, नियमन, आधार, संस्कृती अशा चार रकान्यांत बसवायचं, हे त्याचं काम. जामसरच्या या पोराची ही पहिलीच कंत्राटी नोकरी. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत माहिती चढली नाही, तर उद्यापासून येऊ नका." आणि इथे चहूकडे जंगल असून जंगलातून कुणी काडीही आणत नव्हतं!

"मावशी, जंगलातून काय आणता?" त्याने घरच्या सुनेला, जिवलीला विचारलं.

"काय पण नाय. आमी तिकडं जातच नाय."

"मोहाची फुलं?"

"ती कशी असतात?" जिवलीने भोळेपणाने विचारलं. अख्ख्या अंगणात मोहाचा वास घमघमत होता.

बिचाऱ्या गोकुळला कोण सांगणार, की आजवर हा प्रश्न पाड्यावर फक्त जंगलखात्याच्या गार्डने विचारला होता आणि त्याचं उत्तर पोराटोरांनाही पाठ होतं!

"अहो, मी फारेष्टवाला नाही!"

"ते पण पयलं असंच बोलतात."

ओटीवर गोधडी पांघरून कुणीतरी लांबलचक झोपलं होतं.

"हे कोण?"

"सासरा. ताप हाय त्याला."

गोकुळ मुळात मायाळू. "मग सांगायचं ना! चला, गाडीवरून दवाखान्यात नेतो." जिवली "नको, नको" करेपर्यंत त्याने गोधडीत हात घातलाही. सासरा चांगलाच टणक लागला, अगदी लाकडाच्या ओंडक्यासारखा. तेवढ्यात मागून आवाज आला, "जिवले, ही मोळी कुठं लपवू?" डोक्यावर सरपण घेऊन खुद्द सासरा, सुकऱ्या, अंगणात उभा होता.

"ताप उतरला वाटतं," गोकुळ म्हणाला.

जिवली तोंडाला पदर लावून हसत सुटली. इतकं हसल्यावर खोटं रेटणं तिला काही जमेना. पळसाच्या पानावर करवंदं आली, पाठोपाठ माहितीही आली.

"मोह ना?" सुकऱ्या म्हणाला. "फुलं खातो, तेल काढतो, सावलीला बसतो. देव पण त्याच्याच खाली बसवलाय."

मोबाइल मात्र एकच रकाना निवडू देईना. "बाबा, कुठे टाकू याला?"

"घरातल्यांत टाक. घरातलाच हाय तो."

गोकुळने मोह चार वेळा लिहिला, दर रकान्यात एकदा. हसणं ऐकून निरंकवाली दहा घरंही गोळा झाली. "माझा मध ऱ्हायला," "माझी कंदमुळं लिव," असा गलका उडाला. पाचच्या आत सगळी माहिती चढली आणि नोकरी वाचली. गोकुळला इतका आनंद झाला की त्याने सुकऱ्याच्या पायांना हात लावला.

निघताना जिवलीने गाडीला पिशवी अडकवली. तिच्यात मधाची बाटली आणि मोहाची फुलं होती. "साहेबाला नको देऊ. तू खा."

घाटाखालच्या नाक्यावर गार्डने हात केला. "काय राव, जंगलातून काय आणलंत?"

त्याने हसतच विचारलं होतं. पण गोकुळने डोक्याचा टॉवेल कधी सोडला आणि पिशवीवर कधी पांघरला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"काय पण नाय," तो म्हणाला. "आमी तिकडं जातच नाय."